एकास वीस

मृगाचा पहिला पाऊस पडला की आमच्या घरातलं रंगकाम बंद होतं. भिंतींचं नव्हे, मी जोडतो त्या छोट्या मॉडेल गाड्यांचं. लॅकरचा रंग फार चटकन वाळतो, आणि त्यातलं थिनर उडून जाताना रंगाचा पृष्ठभाग गार करून जातं. हवा दमट असली की त्या गारव्यावर बाष्प धरतं आणि चकचकीत निळ्यावर सायीसारखा पांढरट थर येतो. पुसून तो जात नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी ह्याच्याशी भांडून पाहिलं. खिडक्या बंद करून पाहिल्या, साठचा पिवळा दिवा जवळ लावून पाहिला, रंगवलेला भाग तांदळाच्या डब्यात पुरून पाहिला. (त्या तांदळाचा भात पुढे कुणी खाल्ला नाही. तो डबा आता माझाच आहे.) शेवटी पावसाला शरण गेलो. आता जून ते दसरा फक्त कापणं, घासणं, भोकं पाडणं, तारा वळवणं. रंग दसऱ्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात टेबलावर होती ती सहा चाकांची गाडी. टायरेल पी 34. तामिया कंपनीचा संच, एकास वीस प्रमाणातला, एका मित्रानं जपानहून येताना आणलेला. खोका उघडला की आत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना बारीक देठांनी लगडलेले सुटे भाग. पहिल्या दिवशी मी काहीच कापत नाही. नुसता सूचनांचा कागद वाचत बसतो, लग्नाची पत्रिका वाचावी तसा, सगळी नावं नीट लागली आहेत ना बघत.

मुलीनं डोकावून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, तुझ्या गाडीला पुढं चार चाकं का आहेत? चुकून जास्त आलीत का?"

चुकून नव्हती आली. त्या काळात फॉर्म्युला वनच्या गाडीचा पुढचा पंख, म्हणजे नाकावरचं आडवं पातं, दीड मीटरहून रुंद असायचा नाही असा नियम होता. पुढची चाकं मात्र त्या रुंदीच्या बाहेर उघडी फिरायची. वारा त्यांच्यावर सरळ आपटायचा, आणि फिरतं चाक वाऱ्यात असलं की गाडीचं नाक वर उचलू पाहतं. डेरेक गार्डनर ह्या टायरेलच्या डिझायनरनं उलटा विचार केला. पंख मोठा करता येत नाही ना, मग चाकंच इतकी लहान करू की ती पंखाच्या आड लपतील. पण लहान चाक रस्त्याला कमी टेकतं, वळणात पकड कमी आणि ब्रेकही छोटा. म्हणून दोनाच्या जागी चार. दहा इंची रिम, चारही चाकं वळणारी, चारही चाकांना ब्रेक. चाकं इतकी खाली गेली की चालकाला ती दिसेनात, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना गाडीच्या अंगातच छोट्या खिडक्या ठेवल्या. रेसिंगच्या गाडीला खिडकी, आणि तीही स्वतःचीच चाकं बघायला! मला ह्या गाडीवर जीव जडण्याचं खरं कारण ती खिडकी आहे.

मुलीला एवढं सगळं सांगेपर्यंत ती निघून गेली होती. तुम्ही आहात म्हणून उरलेलं सांगतो. 13 जून 1976 ला स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला ह्या गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, चालवणारे जॉडी शेक्टर आणि पात्रिक देपायए. जिंकली ती तेवढी एकच शर्यत. युक्ती खोटी नव्हती, पण अर्धी होती. पुढची चाकं लपली तरी मागची दांडगी चाकं वाऱ्यात उघडीच राहिली. शिवाय टायर बनवणारी कंपनी सगळ्या संघांसाठी नेहमीच्या मापाचे टायर सुधारत होती. दहा इंची टायर लागायचे एकट्या टायरेलला. एका गिऱ्हाइकासाठी कोण किती भट्टी पेटवणार? 1977 च्या मोसमानंतर गाडी मागे पडली ती कायमची, आणि 1983 पासून तर चारच चाकं असावीत असा नियमच झाला.

अशा गाड्यांबद्दल 'फसलेला प्रयोग' असं लिहिण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. त्या 1976 च्या मोसमात शेक्टर विजेतेपदाच्या यादीत तिसरा होता आणि देपायए चौथा. आपल्याकडे एवढं फसून दाखवा कुणी.

ह्या गाडीच्या आणि संचाच्या जन्मकथेत एक गंमत आहे. केन टायरेल हा मुळात लाकडाचा व्यापारी. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात ऑकम नावाच्या गावी त्याची वखार होती आणि तिच्याच आवारातल्या शेडमध्ये त्याच्या रेसिंगच्या गाड्या बनायच्या. तिकडे जपानात शिझुओकाला 1946 साली तामिया सुरू झाली तीही लाकूड कापायची गिरणी म्हणून. मग लाकडी खेळण्यांचे संच, 1951 मध्ये आग, पुढे लाकडाचा धंदा सोडून फक्त मॉडेलं, आणि 1960 पासून प्लॅस्टिक. म्हणजे एका वखारीतून निघालेली गाडी दुसऱ्या वखारीनं वीसपट लहान केली. ह्या तामियाच्या लोकांचा ध्यास असा की 1/12 ची पोर्शे 934 करताना त्यांनी खरीखुरी पोर्शे 911 विकत घेतली आणि नटबोल्ट नटबोल्ट सुटी करून मापं घेतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बघ, तुझ्याहून वाईट परिस्थितीतले लोक आहेत."

आता मापाचं.

लहानपणी कोल्हापुरात आम्ही दिवाळीला किल्ला करायचो. दरवर्षी पन्हाळाच, कारण पाहिलेला तोच. पोती, विटा, वर चिखल, आळीव पेरून हिरवळ, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. गडावरचा 'तीन दरवाजा' आम्ही पुठ्ठ्याचा करायचो आणि दरवर्षी तेच व्हायचं. मावळा दरवाज्याहून उंच. महाराज तर सिंहासनावर बसूनही तटाच्या वर दिसायचे. कुणाला काही वाटायचं नाही. फक्त आमचे मामा बघायला आले की कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "ह्यो मावळा आत जातोय कसा, रांगत?"

मला ते लागायचं. एके वर्षी मी हिशेब करायला बसलो. तेव्हा सातवीत असेन. मावळा बोटभराहून थोडा उंच, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर धरा. खरा माणूस एकशेसत्तर. भागाकार केला तर वीस आले. मावळ्याच्या मापानं पन्हाळा करायचा तर त्याचा सात किलोमीटरच्या आसपासचा घेर साडेतीनशे मीटर झाला असता. गल्लीच्या पलीकडे, तालमीच्या पुढे, पार पेठेच्या टोकापर्यंत. मी वही मिटली. पण एकास वीस हा आकडा डोक्यात राहिला तो असा, तामियाचं नावही कानावर पडायच्या कितीतरी आधी.

मामा पेंटर होते. कोल्हापुरात पेंटर हा नुसता धंदा नाही, नावापुढं लावायची पदवी आहे. ज्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाची कंपनी काढली त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. गावानं पेंटर म्हटलं आणि तेच टिकलं. आमचे मामा काही सिनेमापर्यंत पोचले नाहीत. उद्यमनगरातल्या कारखान्यांचे बोर्ड, ट्रकच्या मागचे शेर, सहकारी सोसायट्यांच्या पाट्या, निवडणुकीत भिंती. सुट्टीत मी त्यांच्या शिडीखाली डबे धरून उभा असायचो. खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधून टिचकी मारायची, की पत्र्यावर पांढरी रेघ उमटते. त्या रेघेवर शिरोरेषा, आणि शिरोरेषेला अक्षरं टांगायची. मामांचा हात भरभर चालायचा, पण सुरू करण्याआधी ते वेळ फार घ्यायचे. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. कधी सायकलवर बसून बोर्डासमोरून एक चक्कर मारायचे. लोकांना वाटायचं, पेंटर टंगळमंगळ करतोय.

"बोर्ड वाचणारा कुठं हुबा ऱ्हाणार हाय ते आधी बघावं," ते म्हणायचे, "मग कुंचल्याला हात लावावा."

दुसऱ्या मजल्यावरचा बोर्ड असेल तर नवशिका अक्षरं जाड करतो, आणि खालून ती सगळी एकमेकांत मिसळून डाग दिसतो. मामा अक्षरं फार जाड करत नसत, दोन अक्षरांमधली जागा वाढवत. शिडीवरून जवळून पाहिलं तर शब्द विस्कटलेला वाटायचा. खाली उतरून रस्ता ओलांडला की तो आपोआप जुळून यायचा.

मॉडेल करणाऱ्यांच्या जगात ह्यावर भरपूर वाद चालतात आणि मला वाटतं मामांनी ते सगळे शिडीवर मिटवले होते. हिशेब सोपा आहे. टेबलावरची गाडी आपण साधारण चाळीस सेंटीमीटरवरून बघतो. त्याला वीसनं गुणा, आठ मीटर होतात. म्हणजे एकास वीसची गाडी हातात घेऊन बघणारा माणूस खरं तर खऱ्या गाडीपासून आठ मीटरवर, कठड्याला टेकून उभा आहे. त्याला तिथून काय दिसेल तेवढंच दिसायला हवं. आठ मीटरवरून काळा रंग कोळशासारखा काळा दिसत नाही, मध्ये हवा असते, म्हणून काळ्यात थोडा करडा मिसळायचा. टायर तर मुळीच काळे रंगवायचे नाहीत. निळ्यात पांढऱ्याचे दोन थेंब. खऱ्या गाडीच्या रंगाच्या डब्यातला रंग आणून तसाच फवारला तर माप अचूक असूनही गाडी खेळण्यातली दिसते. नेमकी का, ते बघणाऱ्याला सांगता येत नाही.

जाडीचं तर आणखी वाईट. खऱ्या गाडीचं फायबरग्लासचं आवरण दोन-तीन मिलिमीटर जाड असतं. विसानं भागलं तर मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा. एवढं पातळ प्लॅस्टिक साच्यातून काढणं अवघड, म्हणून संचातला भाग एक मिलिमीटर जाड येतो. तो मोठा करून पाहा, दोन सेंटीमीटरचा पत्रा झाला. रेसिंगची गाडी नव्हे, रणगाडा. मग आम्ही काय करतो, तर फक्त कडा तासतो. आतल्या बाजूनं, जिथं आवरण संपतं आणि नजर जाडी मोजते तेवढ्याच ठिकाणी, सुरीनं आणि आठशेच्या पॉलिश पेपरनं कागदासारखी धार आणायची. बाकीचा भाग आहे तसा जाडजूड. कुणाला कळत नाही. गेला जुलै माझा ह्यात गेला.

उलट रिव्हेटचं. ह्या गाडीचा मूळ सांगाडा अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचा आहे, रिव्हेट मारून जोडलेला. पाच मिलिमीटरचं रिव्हेटचं डोकं विसानं भागलं तर पाव मिलिमीटर होतं. तेवढंच केलं तर प्रायमरच्या पहिल्या हातातच ते बुजतं. म्हणून ते थोडं मोठं करायचं. एकीकडे कमी, एकीकडे जास्त. माझ्या ओळखीत काही जण आहेत, फोटो बघून एकेक रिव्हेट मोजणारे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या गाड्या कधी कधी अचूक असून मेलेल्या दिसतात. मावळा दरवाज्याहून उंच नको हे खरं, पण दरवाजा दिसलाही पाहिजे की नाही?

इंजिनाचं काम मात्र मी कुठल्याही तत्त्वाशिवाय करतो, नुसत्या हौसेनं. सत्तरच्या दशकातल्या गाड्यांची हीच मजा. चालकाच्या पाठीमागं सगळं उघडं. कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन, आठ सिलिंडरचं, 2993 सीसी, 1967 मध्ये पहिल्यांदा धावलेलं आणि त्यानंतर दीड दशक निम्म्या संघांच्या पाठीवर बसलेलं. वर हवा ओढणाऱ्या आठ तुताऱ्या, खाली वेटोळे घेत गेलेले सायलेन्सरचे पाइप, मागं गिअरबॉक्स, त्याला लटकलेलं सस्पेन्शन. आताच्या गाड्या करायला मला कंटाळा येतो. सगळं काळ्या आवरणाखाली झाकलेलं, आणि त्या आवरणावर कार्बन फायबरच्या विणीचे शेकडो छापील तुकडे डकवत बसायचं. ती कामं करणाऱ्याला माझा नमस्कार, पण ते गोधडी शिवल्यासारखं आहे.

संचात प्लगच्या वायरी नसतात. त्या आपण घालायच्या. प्रत्येक प्लगच्या जागी चिमुकल्या हँडड्रिलनं 0.4 मिलिमीटरचं भोक पाडायचं. ते ड्रिल केसासारखं, जरा तिरका जोर लागला की मोडतं आणि मोडलेलं टोक भोकातच राहतं. पावसाळ्यात पाच मोडली. मग भोकात तेवढ्याच जाडीची वायर, खऱ्या मापात आठ मिलिमीटर, अगदी बरोबर. वायर डिस्ट्रिब्यूटरपासून प्लगपर्यंत ताणून नाही न्यायची, वजनानं थोडी झोळ पडल्यासारखी वळवायची. एवढ्या बारीक वायरला स्वतःचं वजन नसतं, ते आपण द्यायचं असतं. विणलेल्या धातूच्या नळ्यांसाठी मुलीच्या गिटारची तुटलेली तार वापरली, तिला बारीक आटे असतात. सीटबेल्ट मास्किंग टेपचे, त्याची बक्कल गोळ्यांच्या पाकिटाच्या वर्खाची. बक्कल करताना चिमट्यातून उडाली. हा आवाज हा छंद असलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे, टिंग, आणि मग शांतता. त्यानंतर माणूस पोटावर झोपून, गाल फरशीला लावून, मोबाइलचा उजेड आडवा पाडून शोधत असतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी ह्यावर स्वतःची पद्धत काढली आहे. केर काढताना जे काही बारीक आणि न ओळखू येणारं सापडेल ते त्या खिडकीतल्या एका वाटीत टाकतात. शनिवारी मी वाटी तपासतो. मागे तिच्यात आरशाची दांडी, एक तीळ, गिटारच्या तारेचा तुकडा आणि माझ्याच नखाचा कपटा निघाला होता. बक्कल मात्र अजून सापडलेली नाही. दुसरी केली.

आणि खिडकी मी खराब केली. जिच्यावर जीव होता तीच. पारदर्शक भाग सुपरग्लूनं चिकटवायचा नाही, त्याची वाफ काचेवर बसते आणि काच आंधळी होते, हे मी दहा जणांना सांगितलेलं आहे. त्या रात्री साडेअकरा वाजले होते, साधा डिंक वाळायला सकाळ उजाडली असती, म्हटलं एक थेंबच तर लावायचाय. सकाळी पाहिलं तर दोन्ही खिडक्यांवर मोतीबिंदू. टूथपेस्टनं घासून पाहिलं, गेलं नाही. शेवटी मिठाईच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नवीन कापल्या. मूळ काचेपेक्षा त्या पातळ निघाल्या आणि जास्त चांगल्या दिसतात, हे मी अजून त्या दहा जणांना सांगितलेलं नाही.

दसरा झाला. हवा कोरडी झाली. रंगाचा फवारा डबा विमानानं मागवता येत नाही, तो ज्वालाग्राही मालात धरतात. म्हणून मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जाऊन निळा मिसळून घेतो. दुकानदार यंत्रासमोर बसला होता.

"कुठल्या गाडीला?"

"1976 ची आहे."

"फियाट का?"

"हो," म्हटलं. त्याला सहा चाकं सांगत बसलो असतो तर रंग मिळाला नसता.

"किती देऊ? एक लिटर?"

"पन्नास मिली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण दिला. एअरब्रशनं पातळ पातळ पाच हात, मध्ये दोन हजारच्या पाण्याच्या पेपरनं हलकं घासणं, आणि मग अक्षरं.

अक्षरांसाठीच तर मी हा संच निवडला होता. 1976 ची शेवटची शर्यत जपानात होती, माउंट फुजीच्या पायथ्याशी, 24 ऑक्टोबरला. ते मैदान शिझुओका प्रांतातच येतं, म्हणजे तामियाच्या अंगणात. ही तीच शर्यत, ज्यात धो धो पावसात निकी लाउडा दोन फेऱ्यांनंतर गाडीतून उतरला आणि जेम्स हंट तिसरा येऊन एका गुणानं, 69 ला 68, जगज्जेता झाला. ती हकिगत सगळ्यांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असतं की त्या दिवशी देपायए आपली सहाचाकी घेऊन दुसरा आला होता, आणि गाडीच्या निळ्या अंगावर संघाचं नाव जपानी अक्षरांत लिहिलेलं होतं. ता-इ-रे-रु. जपानीत 'ल' नाही, म्हणून टायरेलचं ताइरेरु. त्यातही परदेशी नावं जपानी लोक एरवी कोनदार काताकाना लिपीत लिहितात. ही लिहिली होती गोल, मऊ हिरागानात, जी तिकडची पोरं शाळेत आधी शिकतात. इंग्लंडच्या वखारीतल्या गाडीनं पाहुणी आल्यावर यजमानाच्या भाषेत, तेही बालबोध वळणात, स्वतःचं नाव सांगावं! एवढ्या एका गोष्टीसाठी मी पाच ड्रिलं मोडली.

इथं एक पेच आला. शर्यत सुरू झाली पावसात, म्हणजे खाचांचे टायर. संचातले टायर गुळगुळीत, कोरड्या रस्त्याचे. रिव्हेट मोजणारा मित्र म्हणाला, "मग तुझी गाडी खोटी." मी दोन रात्री विचार केला. सराव कोरड्या हवेत झाला होता. ठरवलं, माझी गाडी आदल्या दिवसाची आहे. तिला उद्याच्या पावसाची कल्पना नाही. टायरच्या मधली साच्याची शीर घासून काढली, चकाकी घालवली, आणि शर्यत विसरलो.

अक्षरं छापील असतात, पाण्यात भिजवून सरकवायची. कोमट पाण्यात अर्धा मिनिट, मग कागदावरून पातळ पापुद्रा सुटतो, तो गाडीवर घसरवायचा, कुंचल्यानं जागेवर आणायचा, वरून मऊ करणाऱ्या द्रावणाचा थेंब. थेंब पडला की पापुद्रा सुरकुततो आणि काळजाचा ठोका चुकतो. हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी तो आपोआप वळणांवर बसतो. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहतो, कारण खोलीत राहिलो तर हात लावतोच.

दिवाळीनंतर मामा आले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडे राहून करायचं ठरलं होतं. आता ऐंशीच्या पुढं आहेत. फ्लेक्स आल्यावर चार-पाच वर्षं त्यांनी तग धरला, मग कुंचले रॉकेलच्या डब्यातून काढून पुसून ट्रंकेत ठेवले. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. गावातून जाताना वर बघत नाहीत एवढंच.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी काळा चष्मा काढून ते माझ्या टेबलापाशी आले. गाडी काचेच्या पेटीत होती. झाकण काढून दिलं. बराच वेळ वाकून बघत होते. इंजिनाकडं बघितलं नाही, वायरींकडं नाही, त्या खिडक्यांकडंही नाही.

"ही कुठली लिपी गा?"

"जपानी. टायरेल लिहिलंय."

"शिरोरेषा न्हाई. उघड्या डोक्याची अक्षरं." मग आणखी खाली वाकले. "शेवट उतरलाय बघ."

"कुठं? सरळ आहे मामा. फूटपट्टीनं लावलंय."

"उतरलाय."

मी व्हर्नियर आणला. सुरुवातीला कडेपासून 3.1. शेवटी 2.8. तीन दशांश मिलिमीटर, आणि बघणाऱ्याचा एक डोळा पाच दिवसांपूर्वी उघडलेला. खऱ्या गाडीवर सहा मिलिमीटर झाले असते, मी मनात गुणाकार केला. वरून क्लिअर लॅकरचे तीन हात बसले होते. आता काढायचं म्हणजे सगळा निळा रंग पुन्हा, आणि तो दुकानदार पुन्हा.

माझा चेहरा त्यांना दिसला असावा. ते काही बोलले नाहीत. पाठीवर हात घेऊन मागं मागं सरकत गेले, दिवाणाला वळसा घालून, पार दारापर्यंत. तिथं चौकटीला टेकून उभे राहिले आणि मान तिरकी करून बघत राहिले, उद्यमनगरात रस्त्यापलीकडं उभे राहायचे तसे.

"हितनं सरळ दिसतंय," म्हणाले.

मी झाकण लावायला उठलो.

"पर लेका," ते दारातूनच म्हणाले, "हितनं चाकं तीनच दिसत्यात."

मी गाडी उचलून जरा तिरपी ठेवली.